जलविद्युतवर दिवे लागलेलं पहिलं घर कोणतं? ते कोणी बांधलं?

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधलं क्रॅगसाइड. मालक विल्यम आर्मस्ट्राँग, तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन बनवणारे न्यूकॅसलचे कारखानदार. 1863 मध्ये सुरुवात झाली ती सुट्टीत राहायच्या साध्या घराने. पुढे 1869 पासून वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी पंधराएक वर्षं त्यात भर घातली. म्हणून ते एकसंध दिसत नाही: उंच धुराडी, लाकडी चौकटींची त्रिकोणी छपरं, सगळं खडकाळ उतारावर चढत गेलेलं. मला तरी हा अस्ताव्यस्तपणाच आवडतो.

खरी गंमत विजेची. तळ्याच्या पाण्यावर डायनॅमो फिरवून 1878 मध्ये चित्रदालनात आर्क दिवा (दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीचा प्रखर दिवा) लागला. 1880 मध्ये इंग्रज संशोधक जोसेफ स्वान यांचे बल्ब आले. ग्रंथालयात तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांचेच दिवे केले होते. बटण नाही! फुलदाणीचं तांबं हीच एक तार, दुसरी तार फुलदाणीखालच्या बैठकीतल्या पाऱ्यात बुडलेली; फुलदाणी उचलली की दिवा बंद. आज कोणी अशी वायरिंग करू धजणार नाही.

स्वयंपाकघरातला मांस भाजायचा गजसुद्धा पाण्याच्या जोरावर फिरे. 1977 पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे, आत जाऊन पाहता येतं.