एक पावसाळा जाऊ दे

प्रिय मुली,

रविवारी तू गेलीस आणि मला रात्री बराच वेळ झोप लागली नाही. लॅपटॉपवर बागेतल्या कामाच्या खोलीची तीन कोटेशनं उघडून बसली होतीस. एक पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या, तयार केबिनचं, एक वीटबांधकामाचं, एक लाकडी. काच किती जाडीची, फरशी कुठली, एसी एक टनाचा की दीड, सगळं तुला तोंडपाठ. मी एवढंच विचारलं, की जिथे खोली बांधणार आहेस तिथे दुपारी चारला ऊन असतं की सावली? तू गप्प झालीस. मग विचारलं, जुलैत तिथे पाणी साठतं का? तेव्हा तुझे डोळे भरून आले. म्हणालीस, "काकू, मला नाही माहीत. मी त्या कोपऱ्यात कधी जातच नाही."

ते डोळे आठवून हे लिहिते आहे. 'होईल सगळं छान' म्हणायला तुला दुसरी माणसं आहेत. आणि घराबाहेर, पण कुंपणाच्या आत, आपल्या कामाची स्वतंत्र जागा हवी हे तू मला पटवून द्यायची गरज नाही. ते मला तुझ्या जन्माआधीपासून पटलेलं आहे.

तुझा कंत्राटदार म्हणतो, मृगाच्या आत उभी करून देतो. त्याला नाही म्हण. एक पावसाळा जाऊ दे.

माझं ऐक आधी. १९९४ साली मी घरी बसून आरसीसीचे नकाशे काढायची. जेवायच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड. आठ वाजता ताटं मांडायची वेळ झाली की बोर्ड उचलायचा, जेवणं झाली की पुन्हा मांडायचा. मार्चमध्ये हातात एक मोठं काम आलं, थोडे पैसे आले, आणि मी ठरवलं की मागच्या बागेत खोली बांधायची. १० बाय १२. नकाशा मीच काढला, एका रात्रीत. मेअखेरीस खोली तयार. येणारा जाणारा कौतुक करायचा. मी वर्षानुवर्षं लोकांच्या इमारतींचे पाये कागदावर उतरवत होते, म्हणून मला वाटायचं मला सगळं कळतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दार उघडलं तर चप्पल तरंगत होती. छपरातून थेंब गळला नव्हता. पाणी जमिनीवरून आलं होतं. बागेचा तो कोपरा सगळ्यात सखल आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण कोरड्या दिवसांत जमीन सपाट दिसते. तळजई टेकडीच्या उतारावरून येणारं पाणी मागच्या भिंतीच्या भोकांतून आत यायचं आणि नेमकं तिथे थांबायचं. जोतं, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतची उंची, होतं जेमतेम नऊ इंच. खालच्या कप्प्यात ट्रेसिंगचे रोल होते. ट्रेसिंग पेपर तू पाहिला नसशील. तो ओलाव्याला फार हळवा असतो. नुसत्या दमट हवेनंसुद्धा त्याला लाटा येतात, मग पट्टी टेकत नाही आणि रेघ हलते. भिजलेला तर वाळल्यावर पापडासारखा वेडावाकडा होतो. दीड महिन्याचं काम मी पुन्हा काढलं, रात्री जागून, त्याच जेवायच्या टेबलावर.

जोतं नंतर उचलता येत नाही. खिडकी फोडता येते, रंग बदलता येतो, छप्पर काढून दुसरं घालता येतं. जोतं एकदा ठरलं की ठरलं. त्या खोलीभोवती मी नंतर चर खणला, भिंतीची भोकं बुजवली, उंबऱ्यापाशी गवंड्याकडून बंधारा घालून घेतला. खर्च मूळ खोलीच्या निम्म्यावर गेला. आणि तरीही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर-सहकारनगरात भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, त्या रात्री माझ्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. तू तेव्हा इथे नव्हतीस. आजोबांना विचार तुमच्या बागेत पाणी कुठपर्यंत चढलं होतं. त्यांना बोटाने दाखवता येईल. तो सप्टेंबरअखेरचा पाऊस होता. म्हणून मी म्हणते पावसाळा बघायचा तो दसऱ्यापर्यंत. जुलैची झिमझिम बघून समाधान मानू नकोस.

पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातली माणसं त्याला पाऊस म्हणणार नाहीत. पण तो कसा पडतो हे बघायचं असतं. तुझ्या १० बाय १२ च्या छपरावर ५० मिलिमीटर पडला, तर साडेपाचशे लिटर पाणी त्या एका छपरावरून उतरतं. तिन्ही कोटेशनांत पन्हाळीचा उल्लेख नाही, मी मुद्दाम शोधला. ते पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीवर सोडणार आहेस का?

तू म्हणशील, आता उपकरणं असतात, कंत्राटदाराचा माणूस येऊन लेव्हल काढून देतो. काढू दे की. उतार कळेल. झड कुठून येते, पागोळ्या कुठे पडतात, कुठल्या भिंतीला शेवाळ धरतं आणि कुठली चार दिवसांत वाळते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. म्हणजे एकाच भिंतीला दोन्ही मार. माझी खिडकी मी पश्चिमेलाच ठेवली होती, कारण तिकडे गुलमोहर दिसायचा! मे महिन्यात चारनंतर बोर्डावर नजर ठरायची नाही. शेवटी तिला खाकी कागद चिकटवला आणि गुलमोहर वीस वर्षं कागदाआड गेला.

उत्तरेची खिडकी घे असं तुला सगळे सांगतील. बरोबर आहे, पण पूर्ण नाही. मेच्या मध्यावर सूर्य पुण्यात भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखालीच राहते. जुलैच्या शेवटी पुन्हा तसंच. मधल्या काळात तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी चांगलाच. तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो, बाजूला आडोसा लागतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि तिरपं, उबदार ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येतं. आत्ता मे चालू आहे, एक काठी रोवून बघायला काय हरकत आहे?

आता जे सांगते ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

त्या कोपऱ्यात, जिथे माझी खोली आहे, तिथे हिवाळ्यात दहा ते बारा ऊन असायचं. बाकी बागेत आंब्याची सावली. सासूबाई तिथे पाट टाकून बसायच्या. शेंगा फोडायच्या, तीळ निवडायच्या, पाय उन्हात पसरून. मी त्या वेळी घरात बोर्डावर वाकलेली असायची, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही. खोली बांधताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचे दोन हिवाळे त्यांचा पाट बागेत फिरत होता. कधी पायरीजवळ, कधी फाटकाशी, जिथे कवडसा असेल तिथे. मी माझ्या नव्या खिडकीतून बघायची आणि म्हणायची, आई आज इकडे बसल्यात वाटतं. त्या गेल्यावर नणंदेनं सहज सांगितलं, आईची जागा तिथे होती.

एक वर्ष, निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा, मी रोज अर्धा तास तिथे बसले असते तर त्या माझ्या शेजारीच बसलेल्या दिसल्या असत्या.

खोली बांधली याचं मला वाईट वाटत नाही, हेही स्पष्ट सांगते. ती बांधली नसती तर मी आयुष्यभर ताटांसाठी बोर्ड उचलत राहिले असते. त्या घरात मला कोणी जागा काढून दिली नसती, मागितली असती तर 'बघू' म्हणाले असते. तेव्हा बाईनं घरात बसून काम करणं म्हणजे छंद समजायचे. घाई केली म्हणून तर ती झाली, असंही मला कधी कधी वाटतं. पण तुझं तसं नाही. तुला आजोबांनी स्वतःहून जागा दिली आहे, तुझी नोकरी पक्की आहे, तुझ्या मागे कोण लागलंय? मग ही घाई कुणाची, तुझी की कंत्राटदाराची?

आजोबा कुठे बसतात संध्याकाळी, ते आधी बघ.

बाकी गोष्टी पटापट सांगते, त्यांची उत्तरं कुणाकडूनही मिळतील. 'पत्र्याची शेड आहे, परवानगी कशाला' या वाक्यावर विश्वास ठेवू नकोस. बांधकाम आणि हद्द यांच्यामधलं सामासिक अंतर मोकळं ठेवावं लागतं, २०२० पासूनची एकत्रित विकास नियमावली आहे, परवानाधारक आर्किटेक्टकडून नीट कागद करून घे. मिळकत पत्रिकेवर आजोबांबरोबर आणखी कोणाकोणाची नावं आहेत ते बघ आणि तुझ्या काकांशी आधी बोल. सोनचाफा तोडायचा विचारही करू नकोस. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, परवानगी लागते, आणि कायदा नसता तरी मी तुझ्याशी बोलले नसते. पाया मुरूम लागेपर्यंत खणायला लाव. वरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर भिंत टेकवली की भिंतही भेगाळणार. जोतं दीड फुटाच्या खाली नको. वाळवीचं औषध पाया भरतानाच. वीज घरातून न्यायची तर जमिनीखालून, आर्मर्ड, म्हणजे पोलादी वेष्टनाच्या केबलनं, अडीच फूट खोल. खोलीला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. नेटसाठी तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, पण माझ्या भाच्याचं वळवाच्या विजेत राउटरसकट सगळं जळलं, तेव्हापासून तो फायबरच टाका म्हणतो.

पत्र्याबद्दल मात्र जरा थांबते. पफ पॅनल उन्हाला चांगलं, वाद नाही. पण वर पत्राच असतो. सरी आल्या की फोनवर समोरच्या माणसाला तुझा आवाज नाही, ताशा ऐकू येईल. घेण्याआधी अशा केबिनमध्ये भर पावसात अर्धा तास बसून ये. तो विक्रेता मे महिन्यात दाखवतो, ऑगस्टमध्ये दाखवत नाही. बघ, पुन्हा तिथेच आलो आपण.

तर या पावसाळ्यात काय करायचं? काम वऱ्हांड्यात कर. एका बाजूला चटया लाव, बाळ रडलं तर रडू दे, तुझ्या ऑफिसातल्या लोकांच्या घरीही बाळं आहेत. आणि रोज त्या कोपऱ्यात जाऊन बस. सकाळी एकदा, चारला एकदा, आणि रात्री नऊला एकदा, कारण तुझ्या मीटिंगा अमेरिकेच्या वेळेच्या. रात्री तिथून तुझा आवाज शेजाऱ्यांच्या निजायच्या खोलीत जातो का ते कळेल. बेडूक किती ओरडतात ते कळेल. पायवाटेवर दिवा लागतोच, टेकडीच्या पायथ्याशी पावसाळ्यात जनावर निघतं. भिंतीवर खडूनं पाण्याची रेघ मारत जा, शेजारी तारीख. दसऱ्याला त्या रेघा घेऊन माझ्याकडे ये, नकाशा मी काढून देईन. हात थोडा कापतो, पण बोर्ड आहे अजून.

कंत्राटदाराला आजच फोन कर. आगाऊ रक्कम दिली असशील तर मला सांग, मी बोलते त्याच्याशी.

माझ्याकडे एक घडीची लोखंडी खुर्ची आहे, बागेत पडून असते. तिला पाऊस बाधत नाही. उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जा. छत्री तुझी तू आण.

तुझी,
काकू