सुट्टीत मूल सारखे ‘कंटाळा आला’ म्हणत असेल, तर त्याला लगेच काही करायला द्यावे का?

सात-आठ वर्षांच्या मुलाने ‘कंटाळा आला’ म्हटल्याबरोबर मोबाइल हातात देण्याची किंवा नवा क्लास शोधण्याची गरज नाही. अर्धा-पाऊण तास त्याला त्या कंटाळ्यातच राहू द्यावे. इंग्लंडमधील सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाच्या सँडी मान आणि रेबेका कॅडमन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आधी १५ मिनिटे टेलिफोन डिरेक्टरीतील क्रमांक उतरवून काढायला लावले आणि मग थर्माकोलच्या दोन कपांचे उपयोग सुचवायला सांगितले, तेव्हा त्यांना थेट त्याच कामाला बसलेल्यांपेक्षा अधिक उपयोग सुचले. नीरस कामात मन भटकू लागते आणि त्या भटकण्यातूनच नव्या कल्पना निघतात, असे त्याचे कारण सांगितले जाते. अर्थात हा प्रयोग प्रौढांवर झालेला असल्यामुळे तो मुलांना जसाच्या तसा लागू होतो, असे म्हणता येणार नाही. शिवाय माझ्या मते नुसता रिकामा वेळ पुरत नाही. रिकामी खोकी, सुतळी, जुनी चादर, कपडे वाळत घालायचे चिमटे असे काहीबाही हाताशी असावे आणि दोन खुर्च्यांवर चादर ताणून उभे केलेले घर संध्याकाळपर्यंत कोणी आवरू नये.