दालीची 'डिव्हाइन कॉमेडी': पहिलं प्रिंट घेताना

तुम्ही प्रिंट जमवायला स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीपासून सुरुवात करताय, छान! पण ही चित्रं इटालियन कवी दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या काव्यावरची आहेत, म्हणून आधी दांते वाचा, निदान नरकाचा पहिला सर्ग. काव्यात 100 सर्ग आहेत: नरक 34, शुद्धिलोक 33, स्वर्ग 33. दालीची चित्रंही शंभर, म्हणून कुठलंही चित्र हाती आलं की आधी त्याचा सर्ग शोधायचा. शुद्धिलोकाच्या पहिल्या चित्रातला देवदूत स्वतःच्याच अंगातले उघडे खण वाकून बघतो. तो सर्ग वाचून मग हे खण बघा, चित्र पार बदलतं.

आता खरेदी. नवखे इथे हमखास फसतात:

- ही लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून घेतलेले छाप) नाहीत. मूळ जलरंगांवरून सुमारे 3,500 लाकडी ठसे कोरून, एकेक रंग चढवत छापलेली आहेत. विक्रेता 'लिथो' म्हणाला तर सावध व्हा.
- दहापट भिंगातून पाहा. रंगाचे बारीक, नियमित ठिपके दिसले तर ती ऑफसेट, म्हणजे यंत्रावर छापलेली, नक्कल.
- पेन्सिलच्या सहीला भुलून जादा पैसे मोजू नका. ही चित्रं पुस्तकाची पानं म्हणून छापली गेली, आणि त्यातली बहुतेक पानं हातसहीशिवायच निघाली. चित्रातच छापलेली सही वेगळी, ती हातसही नव्हे. दालीच्या खोट्या सह्या तर बाजारात भरपूर आहेत.

फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लमुक्तच घ्या, आणि काच कागदाला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो, तपकिरी डागही पडतात.

आवृत्त्यांच्या भानगडीत आत्ताच शिरू नका. एकच प्रिंट घ्या, स्वस्तातलं चालेल, पण ज्याचा सर्ग तुम्ही वाचलाय असं.