वाचकांचे प्रश्न : वजनाची वही आणि ती वाचणारा

प्रश्न : महिनाभर रोज वजन करतो आणि लिहितो. काल ८२.४, आज ८३.६. एका दिवसात किलो-सव्वा किलो वाढतं, मग लिहिण्याचा उपयोग काय? (वय ४६, भुसावळ)

एका रात्रीत सव्वा किलो चरबी वाढायची तर साडेनऊ हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. तेवढं जेवण भरीत पार्टीतही होत नाही. काट्यावर दिसलं ते पाणी आणि पोटातलं अन्न. खारट जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवतं. शेवभाजीच्या रश्शात मीठ असतं, शेवेतही असतं आणि वर पापड. भात-पोळी नेहमीपेक्षा जास्त झाली तर साखरेचा जो साठा स्नायूंत होतो, त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकतं. बद्धकोष्ठ, पाळीच्या आधीचे दिवस, आदल्या दिवशीचे जास्तीचे श्रम यांनीही काटा हलतो.

म्हणून रोजचा आकडा लिहायचा, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर घ्यायचा. तुम्ही पाठवलेल्या पानांवरून पहिल्या आठवड्याची सरासरी ८४.१ येते, चौथ्याची ८२.९. तीन आठवड्यांत १.२ किलो, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅम. हे उत्तम चाललं आहे! सरासरी सलग तीन आठवडे जागची हलली नाही, तरच जेवणात बदल करा.

काट्याचंही बघा. तो फरशीवर, एकाच जागी ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर आकडा चुकतो. सकाळी शौचानंतर, चहाआधी, तेवढ्याच कपड्यांत उभे राहा. शंका आली तर एकदा रिकाम्या हातांनी आणि लगेच लिटरच्या मापाने मोजून भरलेलं १० लिटर पाणी बादलीत घेऊन वजन करा. बादलीचं वजन वजा जाता फरक १० किलोच्या आसपास हवा.

एक मात्र लक्षात असू द्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा धाप लागू लागली, तर सरासरीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपमध्ये वरण-बट्टी, पाटोडीची भाजी सापडत नाही. जेवण लिहायचं कसं? (वय ३९, अमळनेर)

ॲप सोडा, शंभर पानी वही घ्या. चार रकाने आखा : वेळ, पदार्थ, माप आणि कुठे-कोणासोबत. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण पुढे तोच सगळ्यात जास्त बोलतो.

रात्री झोपताना आठवून लिहू नका. ताट वाढलं की लिहा. आठवून लिहिताना काय सुटतं ते ठरलेलं आहे : दुकानावरचे दोन चहा, भाजी हलवताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणारे लोक प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होते. त्यात लबाडीच असते असं नाही. विसर आणि अंदाज दोन्ही आपल्याच बाजूने झुकतात.

मापं एकदाच ठरवा. घरच्या वाटीत आणि पळीत किती मिली मावतं ते औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाने मोजा. बट्टीसाठी अर्धा किलो पिठाच्या किती झाल्या ते बघा. आठ झाल्या तर एकीत ६२ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे २१० कॅलरी. ती तळली आणि कुस्करून वर तूप ओतलं, तर त्या कॅलरी वेगळ्या : दर पाच ग्रॅम तुपाला ४५. शेवभाजीतली शेव वाढण्याआधी तोला. ३० ग्रॅमला साधारण १६५.

खरा घोटाळा तेलात होतो. ताटातल्या तर्रीत किती तेल आहे हे कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा ते डब्यावरून काढा. पाच लिटरचा डबा फोडला ती तारीख झाकणावर लिहा. चार माणसांना तो २७ दिवस पुरला, तर माणशी रोज ४६ मिली, म्हणजे सुमारे ३८० कॅलरी. पुढचा डबा ४० दिवस चालवायचा ठरवा. माणशी रोज १५ मिलीच्या आसपास वाचतात. घरातल्या एकट्याच्या वहीपेक्षा या झाकणाने जास्त काम होतं, कारण फोडणी सगळ्यांची एकच असते.

प्रश्न : यजमान वही उघडतात आणि ‘आज पण लाडू?’ म्हणतात. आता लिहावंसंच वाटत नाही. (वय ३४, शहादा)

वही त्यांच्याकडून काढून घ्या. टोमण्यांनी दोनच गोष्टी होतात : लाडू लिहिले जात नाहीत, नाहीतर लिहिणंच बंद पडतं.

तरी वाचणारं कोणीतरी हवंच. नुसती नोंद ठेवण्यापेक्षा नोंद आणि ठरलेल्या दिवशी मिळणारं उत्तर यांचा परिणाम अधिक टिकतो. आहारतज्ज्ञ, डॉक्टरांकडच्या सिस्टर किंवा स्वतः वजन उतरवत असलेली मैत्रीण चालेल. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पानांचा फोटो पाठवायचा; म्हणजे उत्तर आलं की दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत दिसतं. उत्तरात तीनच गोष्टी मागा : सातपैकी किती दिवस लिहिलं, सरासरी किती सरकली आणि पुढच्या आठवड्यात कोणता एक बदल करायचा. ‘कमी खा’ हे उत्तर नव्हे. ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार सहा वाजता चहासोबत फरसाण आहे, त्या वेळी मूठभर फुटाणे ठेवा’ हे उत्तर.

पहिले तीन महिने दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. एकदम थांबवू नका. आणि काट्यावर उभं राहण्याच्या विचारानेच जेवण टाळावंसं वाटत असेल, तर वजन महिन्यातून एकदाच करा, तेही वाचणाऱ्या व्यक्तीसमोर.

प्रश्न : सात किलो उतरले. आता जन्मभर काट्यावर उभं राहायचं का? (वय ५२, शिरपूर)

रोज लिहिलं नाही तरी चालेल, पण रोज बघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात वजन उतरवलेल्यांना रंगांचे पट्टे दिले होते. साध्या मापात सांगायचं तर ठरवलेल्या वजनापासून सुमारे दीड किलोपर्यंत हिरवा, त्यापुढे पिवळा, सव्वादोन किलोंच्या वर लाल. पिवळ्यात आलात की वही पुन्हा काढायची. लाल झालं की वाचणाऱ्याला फोन. दीड वर्षात सव्वादोन किलो किंवा अधिक परत वाढलेले लोक, फक्त पत्रकं मिळालेल्या गटात ७२ टक्के होते, प्रत्यक्ष भेटी मिळालेल्या गटात ४६ टक्के. तुमचा पिवळा पट्टा बहुधा आखाजीच्या आमरसात किंवा लग्नसराईत येईल, तेव्हा त्या महिन्यांसाठी वही आधीच उघडून ठेवा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उतरलेलं वजन डॉक्टरांना कळवा; तोच डोस आता जास्त होऊन साखर खाली जाऊ शकते.

प्रश्न : घड्याळ सांगतं ३५० कॅलरी जळल्या. तेवढं जादा खाल्लं तर चालेल? (वय २९, जळगाव)

नाही. घड्याळाचा तो आकडा अंदाजाचा असतो, आणि बऱ्याचदा फुगलेला. पावलं लिहा, तीही स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी ताडून. मे महिन्यात पारा ४४ वर गेल्यावर पावलं घटणारच. तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत चालून घ्या.