जुनी पेट्रोल गाडी हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल खाते. इंजिन काम काढावं का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही निपाणीचे, कोल्हापूरकडून २००९ ची सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतलीत, मीटरवर १ लाख ३० हजार. हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल घालावं लागतं, पण मागे धूर नाही, खाली डाग नाही. मेस्त्री म्हणतात, रिंगा (पिस्टनवरची कडी) गेल्या, इंजिन काम काढा, म्हणजे इंजिन खोलून दुरुस्त करा.

काढू नका. निदान इतक्यात तरी नको.

मी मेस्त्री नव्हे. बेळगावात उद्यमबागेत बरीच वर्षं मशीन शॉपला होतो, त्यामुळे बोअर (सिलिंडरची आतली पोकळी), होनिंग, मायक्रॉन हे शब्द मला नवे नाहीत. तरीही मी स्वतः फसलोय. माझी गाडी ऑइल खायला लागली तेव्हा एका गॅरेजातल्या अण्णांनी डिपस्टिक पुसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी एण्णी कुडितैत्री!" म्हणजे गाडी तेल पितेय. एण्णी म्हणजे तेल, पण आमच्याकडे त्याचा दुसरा अर्थ संध्याकाळी सातनंतर लागू होतो, त्यामुळे सगळे हसले. हसता हसता इंजिन खोललं गेलं. नव्या रिंगा पडल्या, पॅकिंग सेट बदलला, आणि दोन महिन्यांनी ऑइल पुन्हा तितकंच खाली. दोष निघाला पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर बसलेली अंगठ्याएवढी वस्तू, काहीशे रुपयांची.

पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये (क्रँक आणि ऑइल असतं त्या भागात) निसटतो. तो परत इंजिनात ओढून जाळायचा, हे या व्हॉल्व्हचं काम. तो उघडा अडकला तर गॅसबरोबर ऑइलही ओढलं जातं. चोंदला तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. काढून कानाशी हलवा, आत टकटक वाजलं पाहिजे. वाजला म्हणजे चांगलाच असं मात्र नाही, म्हणून मी तर म्हणेन बदलूनच टाका. मग इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा धरा. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. भकाभका वाफ येऊन तो उडाला तर खालचा दाब जास्त आहे.

आता मोजणी, कारण "पाऊण लिटर" हा आकडा तुम्ही कसा काढलात ते लिहिलेलं नाही. सपाट जागा, रोज तीच, सकाळी थंड इंजिन. माझं घर उतारावर आहे. सुरुवातीला मी वहीत लिहिलेले आकडे इंजिनाचे कमी आणि उताराचे जास्त होते. ऑइल वरच्या खुणेपर्यंतच भरा. "असू दे की ओ थोडं वर" म्हणून जास्त ओतलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तोच ब्रीदरवाटे (चेंबरमधला गॅस बाहेर नेणाऱ्या नळीतून) जाऊन जळतो. निपाणी-बेळगाव जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर होतं. अशा तीन-चार खेपांनंतर पुन्हा बघा.

धूर नाही याचं कोडं वाटण्याचं कारण नाही. हजार किलोमीटरला पाऊण लिटर म्हणजे एका किलोमीटरला पाऊण मिलिलिटर, साधारण १५ थेंब. साठच्या वेगात इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं असं धरा. चार सिलिंडर मिळून किलोमीटरला चार हजार स्फोट. चार हजार स्फोटांत पंधरा थेंब वाटले गेले तर डोळ्यांना काय दिसणार? त्यातही सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरंचसं झाकून टाकतो, आणि हळूहळू स्वतःही खराब होतो.

डाग नाही यावरही विसंबू नका. काही गळती गरम इंजिनात, चालत्या गाडीतच होते आणि वारा ते ऑइल पोटाखाली पसरवतो. इंजिन खालून धुऊन वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, शंभर किलोमीटर फिरवा आणि बॅटरी घेऊन बघा: टॅपेट कव्हरची मागची बाजू, ऑइल फिल्टरची बैठक, क्रँक पुलीमागचं सील, इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा.

यानंतरची परीक्षा तुमच्या दारातच आहे, तवंदी घाट. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. अशा वेळी इंजिनात जोरदार ओढ तयार होते आणि वॉल्व सील (वॉल्वच्या दांड्यावरची रबरी टोपी) कडक झाली असतील तर गाइडमधून, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीतून, ऑइल खाली उतरतं. घाट संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि मागच्या गाडीतल्या मित्राला निळा लोट दिसतो का विचारा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा मारला, तरी संशय सीलवरच. उलट चढावर, लोडमध्ये सतत निळसर धूर असेल तर रिंगांकडे बोट जातं. सील बदलायला हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढावंच लागतं असं नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी आत भरून, पिस्टन वर आणून वॉल्व धरून ठेवतात आणि वरूनच सील बदलतात. जुन्या मेस्त्रींना ही युक्ती माहीत असते. करायची तयारी किती जणांची असते ते सांगत नाही.

प्लग काढलेच तर नंबरवार मांडा. एकच तेलकट असेल तर दुखणं त्या सिलिंडरचं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब गेजने मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने १५० ते १८० पीएसआय यावं. आपला मुलूख सहाशे-साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळे किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के कमी दिसेल. घाबरू नका, सिलिंडरांमधला फरक बघा. एखादा पंधरा टक्क्यांहून मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर, नाही चढला तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट.

इथे एक मेख आहे. कॉम्प्रेशन उत्तम येऊनही रिंग दोषी असू शकते. वरच्या दोन रिंगा दाब धरतात, ऑइल खरवडून परत पाठवते ती तिसरी. उशिरा ऑइल बदललेल्या गाडीत तिच्यामागची भोकं कार्बनने बुजतात, ती चिकटते आणि गेज काहीच बोलत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा, सील ठीक आणि तरी सगळे प्लग तेलकट असतील तर मी दोन-तीन वेळा तीन हजार किलोमीटरलाच ऑइल बदलून बघेन. कधी सुटते, कधी नाही. ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच. तिथे परवानगी असेल तर एक पायरी जाड चालेल. बाटलीतल्या चमत्कारी औषधांवर माझा विश्वास नाही.

आणि खोलायची वेळ आलीच, तर नुसत्या रिंगा टाकू देऊ नका. बोअर गेज लावून वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी माप घ्यायला लावा आणि आकडे कागदावर मागा. अंडाकार झालेल्या, गुळगुळीत बोअरमध्ये नव्या रिंगा बसत नाहीत. माझं इंजिन खोललं तेव्हा कुणी मापच घेतलं नव्हतं, आणि एवढी वर्षं मापं घेण्यात घालवलेला मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो.

तोवर डिकीत एक लिटरचा डबा ठेवा आणि दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघा. डॅशवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका. तो ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.