नाटकासाठी पहिलं अनुदान मागताना
नाटकाच्या गटासाठी पैसे उभे करायला निघालात, फार बरं वाटलं. फक्त मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करू नका. कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाची (सीएसआर) यादी 2013च्या कंपनी कायद्याच्या अनुसूची 7मध्ये आहे आणि तिच्यात कला-संस्कृतीही आहे, पण 2021पासून सीएसआर-1 या सरकारी नोंदणीशिवाय संस्थेला तो निधी मिळत नाही. आधी कलेसाठी अनुदान देणाऱ्या बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेकडे पाहा. तिथे व्यक्तीलाही अर्ज करता येतो, तोही मराठीत.

नवख्यांच्या चुका:
- अंदाजपत्रकात स्वतःचं मानधन न धरणं. ही सगळ्यात वाईट. तालमीचे तीन महिने तुमचेच जातात, त्याचे पैसे न लाजता लिहा.
- एकच अर्ज दहा ठिकाणी धाडणं.
- नकाराचं कारण न विचारणं.

परदेशी निधी, त्यासाठीचा एफसीआरए कायदा वगैरे नंतर बघू. आधी एका पानात लिहा: काय करणार, कोणासाठी. मला पाठवा, वाचतो.