पॉलिसी मॅच्युअर होईपर्यंत मुलीचं ऑपरेशन थांबवायचं?

सांगलीहून एका वडिलांनी विचारलंय की सव्वादोन वर्षांच्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट (जन्मतः ऐकू येत नाही म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन) करायचंय, एका कानाचा खर्च ८ लाख, एफडी ३ लाख आहे, तर बाकीच्यासाठी पर्सनल लोन घ्यावं की गोल्ड लोन? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, 'एजंट म्हणतो ३ वर्षं थांबा, पॉलिसीचे ६.८ लाख येतील, कर्जच लागणार नाही.'

दादा, खरा घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांमध्ये मेंदू भाषा पकडतो तो पहिल्या तीन-चार वर्षांत, आवाज पोचलाच नाही तर ती संधी हळूहळू बंद होत जाते. सरकारच्या अडिप योजनेत (दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणारी योजना) अशा मुलांसाठी ५ वर्षांची मर्यादा आहे ती उगाच नाही (तुमचा पगार त्यात बसत नाही, पण मुद्दा समजून घ्या). तीन वर्षांनी मुलगी सव्वापाचची असेल.

आणि थांबून मिळणार काय? पॉलिसी आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर ३.३ लाख. चालू ठेवली तर अजून १.८ लाख भरून ६.८, तेही एजंटच्या तोंडी हिशोबाने. म्हणजे फरक दीड-पावणेदोन लाखांचा. एवढ्यासाठी मुलीची तीन वर्षं घालवायला सांगणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

एफडी आणि सरेंडर मिळून ६.३ लाख, उरलेल्या १.७ ला गोल्ड लोन घ्या, पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडेल. पॉलिसीचं कव्हर जाईल म्हणून आधी स्वतःचा टर्म इन्शुरन्स (फक्त आयुष्याचं कव्हर देणारा विमा) काढा, मग सरेंडर.

तुम्ही विचाराल, 'ऑपरेशननंतर महिन्याभरात बोलेल ना?' नाही हो. दोन-चार आठवड्यांनी मशीन फक्त स्विच ऑन होतं, मग मॅपिंग (मशीन मुलीच्या ऐकण्याप्रमाणे सेट करणं), मग दोन-तीन वर्षं स्पीच थेरपी. आठवड्याला दोन सेशन्स, ८०० रुपयांनी महिन्याला ६-७ हजार, आणि हा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही! प्रीमियमचे ५ हजार वाचतील ते इकडेच वळवा. कानामागचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा बाहेरचा भाग, काही वर्षांनी बदलावा लागतो, त्याला परत लाखांत पैसे जातात, तेव्हा गोल्ड लोन फिटलं की तोच हप्ता आरडीत टाका. आणि हॉस्पिटलकडून वॉरंटी किती वर्षं, मॅपिंगचे पैसे धरलेत का, हे लेखी घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.